अँटिव्हायरसमुळे कॉम्प्युटर स्लो होतो, हँग होतो, बंद पडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. दुकानात येणाऱ्या दर चार-पाच मशीनपैकी एका मशीनची तक्रार कुठेतरी अँटिव्हायरसपाशी येऊन थांबते, आणि बहुतेक वेळा माणूस माझ्याकडे येण्याआधी कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की फॉरमॅट मारा. फॉरमॅटची गरज फार क्वचित लागते हो. म्हणून लोक मला फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर जे विचारतात ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवतोय. जास्त करून विंडोज १० आणि ११ डोक्यात ठेवून लिहिलंय.

कॉम्प्युटर फार स्लो झालाय. अँटिव्हायरसमुळेच झालाय हे कसं ओळखायचं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे कॉलम दिसतात, ज्या कॉलमवर क्लिक कराल त्यात सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असेल तर तिथे अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल असं नाव दिसेल, दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्या कंपनीचं नाव दिसेल. आता एक लक्षात घ्या, लोक फक्त सीपीयू बघतात आणि डिस्कचा कॉलम बघतच नाहीत, आणि जुन्या हार्ड डिस्कवाल्या मशीनमध्ये खरा घोळ तिथेच असतो, सीपीयू १५ टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर, मग माऊस हलतो पण काहीच उघडत नाही.

एकदा बघून निष्कर्ष काढू नका. दोन-तीन दिवस वहीत किंवा मोबाईलमध्ये वेळ लिहा, किती वाजता स्लो झाला, तेव्हा वर कोणाचं नाव होतं, तुम्ही काय करत होता. हे सगळं लिहून आणणाऱ्या गिऱ्हाईकाचं मशीन मी अर्ध्या वेळात सोडवतो, कारण रोज एकाच वेळेला होणारा त्रास वेगळा आणि ठराविक फाइल उघडल्यावर होणारा वेगळा, दोन्हीचे उपाय पण वेगळे.

पण अँटिव्हायरस नुसता बसलेला असतो ना? मग एवढं ओझं कशाचं?

तो बसलेला नसतोच. तुम्ही किंवा कुठलाही प्रोग्राम एखादी फाइल उघडतो तेव्हा ती मागणी विंडोजकडे जाते, आणि अँटिव्हायरसचा एक छोटा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आतल्या भागात चालणारा त्याचा तुकडा, त्या वाटेवर उभा असतो, सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो तसा. तो म्हणतो थांब, आधी बघू दे. मग फाइल तपासली जाते, ठीक असेल तर पुढे सोडली जाते. एकदा बघितलेली फाइल बदललेली नसेल तर तो पुन्हा पूर्ण तपासत नाही, नोंद ठेवतो, त्यामुळे नवीन टाकल्यावर पहिले दोन दिवस जड जातात आणि मग जरा हलकं होतं.

आता मोठी एक फाइल असली तर फारसं कळत नाही. पण हजारो बारीक फाइल असल्या, म्हणजे झिप उघडताना, लग्नाचे तीन हजार फोटो कॉपी करताना, किंवा टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्राम सतत लिहीत असताना, प्रत्येक फाइलला गेटवर थांबावं लागतं आणि तेव्हा जाणवतं. त्यात फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती सेकंदाला जेमतेम शंभर-एक ठिकाणी जाऊन वाचू शकते, एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, तेच काम हजारोंनी करते. म्हणून तोच अँटिव्हायरस शेजाऱ्याच्या मशीनवर छान चालतो आणि तुमच्याकडे रडवतो.

सकाळी चालू केला की पहिला अर्धा-पाऊण तास कामच करता येत नाही. असं का?

शेड्यूल केलेला स्कॅन. विंडोजची आपोआप होणारी देखभाल मुळात रात्री दोनला ठरलेली असते, पण आपण रात्री मशीन बंद करून मेन स्विच पण काढतो, मग राहिलेलं काम तो सकाळी उरकायला बघतो. त्यात विंडोज अपडेट, अँटिव्हायरसचं अपडेट, वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह सगळेच एकदम जागे होतात.

विकतचा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये शेड्यूल स्कॅन असतो, तो जेवणाच्या सुट्टीत टाका. डिफेंडरचं टास्क शेड्यूलरमधून बदलता येतं, त्यात मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग विंडोज डिफेंडर असं आत गेलं की शेड्यूल्ड स्कॅन सापडतो. डिफेंडर शेड्यूल स्कॅनला साधारण ५० टक्के सीपीयू वापरायचा असं गृहीत धरून चालतो आणि ते पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजच्या कमांड टाईप करायच्या खिडकीतून, कमी पण करता येतं, पण तो आकडा सरासरीचा आहे, मध्येच उडी मारतो, म्हणून मी आकड्याच्या मागे लागत नाही, वेळच बदलतो.

आधी एक अँटिव्हायरस होता, मुलाने दुसरा पण टाकला. डबल सेफ्टी नाही का?

नाही. दोन वॉचमन एकाच गेटवर उभे केले आणि दोघंही एकमेकांचा खिसा तपासत बसले तर पाहुणा बाहेरच राहणार. पहिला फाइल तपासायला उघडतो, ती उघडली म्हणून दुसरा तपासतो, दुसऱ्याने स्वतःच्या फोल्डरमध्ये काही लिहिलं की पहिल्याला ते संशयास्पद वाटतं. यातून नुसता स्लोपणा नाही, मशीन पूर्ण गोठणं आणि ब्लू स्क्रीनसुद्धा येते.

नवीन लॅपटॉप घेतलेल्यांनी हे खास बघा. कंपनीने एक ट्रायलवाला आधीच टाकलेला असतो, दुकानदार वर्षाचं लायसन्स म्हणून दुसरा टाकतो. आणि डिफेंडर तर मुळात असतोच, तो मात्र दुसरा नीट नोंदवलेला अँटिव्हायरस दिसला की घरच्या विंडोजमध्ये स्वतः बाजूला होतो. विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये कोण काम करतंय ते दिसतं. ट्रायल संपलेला पडून असेल तर तो आधी काढा, कारण मुदत संपलेला प्रोग्राम गेटवर उभा असतो पण त्याच्याकडे नवीन व्हायरसची यादी नसते, ही सगळ्यात वाईट अवस्था.

टॅली उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात, नेटवर्कवर तर विचारूच नका.

मार्च अखेरीला आणि जीएसटी रिटर्नच्या तारखा जवळ आल्या की मला हाच फोन येतो. टॅलीचा डेटा एका फोल्डरमध्ये खूप फाइलींत पसरलेला असतो आणि व्हाऊचर टाकताना त्या सतत उघडतात, लिहिल्या जातात, बंद होतात. तीन क्लायंट मशीन आणि एक सर्व्हर असेल तर तीच फाइल सर्व्हरवरचा अँटिव्हायरस पण बघतो आणि क्लायंटवरचा पण.

उपाय म्हणजे एक्सक्लूजन. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये फक्त टॅलीचा डेटा फोल्डर वगळायचा. फक्त तोच! लोक काय करतात, पूर्ण डी ड्राइव्ह वगळतात, मी तर एका ठिकाणी सी ड्राइव्ह वगळलेला बघितलाय, म्हणजे अँटिव्हायरस असून नसल्यासारखा. डाऊनलोड्स, डेस्कटॉप, टेम्प फोल्डर आणि पेनड्राइव्ह कधीच वगळू नका. आणि जो फोल्डर वगळला त्याचा बॅकअप रोज बाहेरच्या डिस्कवर घ्या, बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवा, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आला तर लावून ठेवलेली डिस्क पण तो लॉक करतो. एका अडत दुकानाचा तीन वर्षांचा हिशेब असा गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, त्या मालकाचा चेहरा अजून आठवतो, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आयटीत काम करणाऱ्यांना हाच त्रास प्रोजेक्टच्या बारीक फाइलींमुळे होतो, विंडोज ११ मध्ये त्यासाठी डेव्ह ड्राइव्ह आलाय, तिथे डिफेंडर फाइल आधी उघडू देतो आणि मागून तपासतो.

निळी स्क्रीन येते आणि रिस्टार्ट होतो. त्यावर लिहिलेलं काय वाचायचं?

मोबाईलने फोटो काढा, एवढं पहिलं. नवीन अपडेट घेतलेल्या विंडोज ११ वर २०२५ पासून ही स्क्रीन काळी दिसते, घाबरू नका, तीच आहे. त्यावर एक स्टॉप कोड असतो आणि कधीकधी व्हॉट फेल्ड असं लिहून पुढे एका फाइलचं नाव असतं जे एसवायएस ने संपतं. ते नाव महत्त्वाचं. डब्ल्यूडीफिल्टर असेल तर डिफेंडर, एएसडब्ल्यू ने सुरू होत असेल तर अव्हास्ट, केएलआयएफ असेल तर कॅस्परस्की, एमएफई ने सुरू होत असेल तर मॅकॅफी, सीएसएजंट असेल तर क्राउडस्ट्राइक.

फोटो राहिला तरी हरकत नाही. सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डरच्या आत मिनीडंप नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक क्रॅशची नोंद राहते, निरसॉफ्टचा ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचा फुकट प्रोग्राम ती उघडून दाखवतो. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी असं टाईप केलं तर रिलायबिलिटी मॉनिटर येतो, त्यात दिवसवार लाल फुल्या दिसतात आणि त्या दिवशी काय अपडेट किंवा इन्स्टॉल झालं तेही दिसतं. मला हे सगळ्यात आवडतं, कारण सामान्य माणसाला पण कळतं की बाबा मंगळवारी अँटिव्हायरस अपडेट झाला आणि बुधवारपासून फुल्या चालू झाल्या.

पण नाव दिसलं म्हणजे गुन्हेगार सापडला असं दरवेळी नसतं. अँटिव्हायरसचा ड्रायव्हर सगळ्या वाटांवर उभा असतो, त्यामुळे दुसऱ्याने केलेल्या घोळात पण त्याचं नाव येतं. माझा अंदाज असा असतो, की तीन-चार वेळा तोच कोड आणि तेच नाव आलं तर तो ड्रायव्हर, आणि प्रत्येक वेळी नवीन कोड, नवीन नाव आलं तर आधी रॅम. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लावून रात्रभर तपासा, रॅमच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवा.

एक साधा प्रोग्राम अख्खं विंडोज कसं काय पाडू शकतो? ब्राऊजर बंद पडतो तेव्हा तर फक्त ब्राऊजर बंद पडतो.

कारण तो साधा प्रोग्राम नसतो. ब्राऊजर, वर्ड, टॅली हे सगळे बाहेरच्या ओसरीवर राहतात, त्यातलं एक पडलं तर विंडोज त्याला उचलून बाहेर टाकतं. अँटिव्हायरसचा ड्रायव्हर आत देवघरापाशी म्हणजे कर्नलमध्ये असतो, कारण तिथून तो व्हायरसच्या आधी जागा होतो आणि कोणी त्याला सहज बंद करू शकत नाही. तिथे चूक झाली तर विंडोजला पुढे चालू राहणं धोक्याचं वाटतं, डेटा खराब होऊ नये म्हणून ते मुद्दाम सगळं थांबवतं, आणि तीच आपली निळी स्क्रीन.

२०२४ ला विमानतळांवरचे कॉम्प्युटर बंद पडले होते ते हेच का?

हो, हेच. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक कंपनीचं फाल्कन नावाचं सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या, बँका, एअरलाइन्स वापरतात. त्यांनी आपल्या वेळेने सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाइल पाठवली, चॅनल फाइल २९१. ती प्रोग्रामचं नवीन व्हर्जन नव्हती, नुसती हल्ले ओळखायची माहिती होती, आपल्याकडे रोज डेफिनिशन अपडेट येतात तसलीच. झालं काय, तर त्या माहितीला २१ रकाने लागत होते आणि सॉफ्टवेअर तिला २० च देत होतं. आधी २१ वा रकाना कोणी बघितला नव्हता, या फाइलने तो बघायला सांगितला, कर्नलमधला ड्रायव्हर नसलेल्या जागी वाचायला गेला आणि विंडोज पडलं. रिस्टार्ट झालं की तीच फाइल परत वाचायची आणि परत पडायचं.

कंपनीने १०:५७ ला फाइल मागे घेतली, म्हणजे सगळा खेळ ७८ मिनिटांचा, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन आडवी झाली होती. जगातल्या विंडोज मशीनच्या एक टक्काही नाही, पण नेमकी विमानतळ, हॉस्पिटल, बँका इथली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते फोटो तुम्ही पण बघितले असतील. दुरुस्ती बहुतेक ठिकाणी एकच होती, प्रत्येक मशीनपाशी जाऊन सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरतं विंडोज, चालू करायचं आणि ती फाइल डिलीट करायची, आणि जिथे बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लागणारं विंडोजचं कुलूप, होता तिथे आधी रिकव्हरी की शोधायची. मला त्या दिवसातून जे कळलं ते हे की किती मोठी कंपनी असली तरी शेवटी एक माणूस मशीनसमोर बसून हाताने काम करतो तेव्हाच मशीन उठतं.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका डेफिनिशन अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक फाइल, एसव्हीसीहोस्ट, व्हायरस समजून उचलली आणि मशीनं रिस्टार्टच्या चक्रात अडकली. जानेवारी २०१८ मध्ये उलटं झालं, प्रोसेसरमधल्या मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या त्रुटींसाठी विंडोजचं अपडेट आलं आणि काही अँटिव्हायरस कर्नलमध्ये भलत्या पद्धतीने हात घालत होते म्हणून निळ्या स्क्रीन यायला लागल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टने असं केलं की अँटिव्हायरसने मी तयार आहे अशी नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, केल्याशिवाय अपडेटच द्यायचं नाही. आता २०२५ पासून तर मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांना सोबत घेऊन अँटिव्हायरस कर्नलच्या बाहेर आणायच्या मागे लागलंय. ॲपलने मॅकमध्ये हे २०१९ पासूनच सुरू केलं होतं, म्हणून मॅकवाल्यांचे असे फोन मला येत नाहीत.

माझा लॅपटॉप चालूच होत नाही, रिस्टार्ट होऊन परत रिस्टार्ट होतो. मी काय करू?

घाई करू नका आणि कोणी फॉरमॅट म्हटलं तर थांबा म्हणा. चालू करा, विंडोजचं चिन्ह दिसलं की पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतः ऑटोमॅटिक रिपेअर दाखवतं. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रिस्टार्ट. यादी आली की ४ दाबा, सेफ मोड. इंटरनेट लागणार असेल तर ५. सेफ मोडमध्ये बाहेरच्या अँटिव्हायरसचे बहुतेक ड्रायव्हर चालू होत नाहीत, त्यामुळे मशीन सेफ मोडमध्ये तासभर नीट चाललं आणि साध्या मोडमध्ये दोन मिनिटात पडलं तर हार्डवेअर बहुतेक ठीक आहे असं समजा. मग तिथूनच अँटिव्हायरस काढा. काही अँटिव्हायरस सेफ मोडमध्ये निघत नाहीत, तेव्हा त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये सिस्टम रिस्टोर किंवा अनइन्स्टॉल अपडेट्स करून बघा.

मध्येच निळ्या पानावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर तो बिटलॉकर आहे. आजकाल नवीन लॅपटॉपमध्ये तुम्ही काही न करताच तो चालू असतो. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, दुसऱ्या मोबाईलवरून लॉगिन करून मिळते. पण कित्येकांना ते अकाउंट कोणत्या ईमेलने काढलं हेच माहीत नसतं, दुकानदाराने काढून दिलेलं असतं! म्हणून हे वाचताय आणि मशीन चालू आहे तर आत्ताच अकाउंट उघडून की कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. की नसेल तर आतला डेटा मी काय, कोणीच काढून देऊ शकत नाही, आणि हे सांगायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आलीय.

फुल स्कॅन लावला की वीस मिनिटांनी मशीन खटकन बंद पडतं. निळी स्क्रीन वगैरे काही नाही.

हे तापल्यामुळे. फुल स्कॅन म्हणजे सीपीयूला तासभर सलग पळवणं, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये, त्यात विदर्भ-मराठवाड्यात, खोलीतच चाळीस डिग्री असतं. पंख्यात धूळ, सीपीयूवरची पेस्ट वाळलेली, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला बंद होतो. दोष स्कॅनचा नाही, त्याने फक्त दाखवून दिलं. साफ करून पेस्ट बदलून घ्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदीत, कर्नल पॉवर ४१ दिसेल, त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं, लाईट गेली, इन्व्हर्टरवर जाताना झटका बसला तरी तेच दिसतं, त्यावरून अँटिव्हायरसला दोष देऊ नका.

बघण्यासाठी अँटिव्हायरस थोडा वेळ बंद केला तर चालेल का?

चालेल, पण नेट काढून, पेनड्राइव्ह न लावता, दहा-पंधरा मिनिटं. आणि पॉज केल्याने ड्रायव्हर जात नाही, तो तिथेच असतो, म्हणून पॉज करून फरक पडला नाही याचा अर्थ अँटिव्हायरस निर्दोष असा नाही. पक्कं कळायला पूर्ण काढून बघावं लागतं.

कंट्रोल पॅनेलमधून काढला तरी त्रास तसाच.

अर्धवट निघालाय. त्याचे ड्रायव्हर मागे राहतात. जवळपास प्रत्येक कंपनी स्वतःचं रिमूव्हल टूल देते, ते त्या कंपनीच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या, सर्चमध्ये वर आलेल्या कुठल्याही साइटवरून नको. लायसन्स की आधी लिहून घ्या. टूल चालवा, रिस्टार्ट करा, मग विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन डिफेंडर आपोआप चालू झाला का ते बघा, नसेल तर अपडेट करून चालू करा. दोन दिवस तसंच वापरा. त्रास गेला तर तोच अँटिव्हायरस नवीन व्हर्जनने टाकून बघा, कारण पुष्कळदा जुनं व्हर्जन आणि नवीन विंडोज यांचं पटत नसतं एवढंच असतं. परत त्रास आला तर मग कायमचा निरोप. एका वेळी एकच बदल करायचा, रॅम पण बदलली आणि अँटिव्हायरस पण काढला तर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

जीएसटी पोर्टलवर डिजिटल सिग्नेचर चालत नाही, डोंगल लावला तरी दिसत नाही.

यात अँटिव्हायरसचा वेब शील्ड किंवा फायरवॉल, म्हणजे नेटवरची ये-जा तपासणारा भाग, आडवा येतो. सही करणारा प्रोग्राम तुमच्याच मशीनवर एका लोकल पोर्टवर बसून ब्राऊजरशी बोलतो आणि अँटिव्हायरसला ते खटकतं. सही करणाऱ्या प्रोग्रामला फायरवॉलमध्ये परवानगी द्या, डोंगलचा ड्रायव्हर नवीन टाका. बँकेच्या साइटवर सर्टिफिकेटची एरर येत असेल तर अँटिव्हायरसमधलं एचटीटीपीएस स्कॅनिंग थोडा वेळ बंद करून बघा, पण त्याआधी मशीनची तारीख तपासा, जुन्या मदरबोर्डचा सेल गेलेला असतो आणि तारीख कुठल्या कुठे गेलेली असते.

अँटिव्हायरसने माझा चांगला प्रोग्राम व्हायरस म्हणून उडवला.

क्वारंटाईनमध्ये, म्हणजे संशयित फाइली बाजूला कोंडून ठेवायच्या जागेत असेल, परत आणता येतो. आणण्याआधी ती फाइल व्हायरसटोटलच्या साइटवर टाका, तिथे साठाच्या वर अँटिव्हायरस एकदम तपासतात. एक-दोघांनीच बोंब मारली आणि प्रोग्राम मूळ कंपनीकडून घेतलेला असेल तर चुकीची शंका असू शकते, कंपनीला कळवा. खाजगी कागदपत्रं मात्र तिथे टाकू नका, ती बाहेर जातात.

पण विंडोज किंवा ऑफिस फुकट चालू करायचं क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर उडवलं असेल तर ते परत आणू नका. त्या फाइलींबरोबर पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात, आणि क्रॅकवाला स्वतः सांगतो की आधी अँटिव्हायरस बंद करा. तो असं का सांगतो याचा विचार करा.

कोपऱ्यात सारखं येतं की पाच व्हायरस सापडले, लायसन्स संपलं, या नंबरवर फोन करा.

बहुतेक वेळा तो अँटिव्हायरस नसतोच, ब्राऊजरचं नोटिफिकेशन असतं. कधीतरी एखाद्या साइटवर अलाऊ दाबलं गेलं की त्या साइटला कोपऱ्यात काहीही दाखवता येतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन अनोळखी साइट काढा, झालं. मायक्रोसॉफ्ट त्यांच्या एररमध्ये कधीच फोन नंबर देत नाही. फोन करून कोणी एनीडेस्क, म्हणजे दुरून तुमचं मशीन चालवायचा प्रोग्राम, टाकायला सांगितलं आणि पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडकवून ठेवायची शक्यता जास्त.

पंखा जोरात फिरतो, पण टास्क मॅनेजर उघडला की शांत होतो.

हा अँटिव्हायरस नाही, हा मायनर असू शकतो, म्हणजे तुमच्या विजेवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो कमावणारा मालवेअर. त्यातले काही टास्क मॅनेजर उघडला की लपतात. विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन असतो, तो रिस्टार्ट करून विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासतो, साधारण १५ मिनिटं लागतात. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर पण फुकट टूल्स आहेत.

जुनं मशीन आहे, ४ जीबी रॅम, कोणता हलका अँटिव्हायरस टाकू?

कोणताही टाकलात तरी तो जडच वाटणार. ४ जीबीत विंडोज आणि ब्राऊजरच मावत नाहीत. एसएसडी टाका, शक्य असेल तर रॅम ८ करा, तोच अँटिव्हायरस तुम्हाला हलका वाटायला लागेल. विंडोज ७ वर असाल तर त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपलाय, तिथे अँटिव्हायरस म्हणजे फुटक्या भिंतीला नवीन कुलूप. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, डिफेंडरची डेफिनिशन अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत पण विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत, म्हणून जमेल तेव्हा ११ वर जा.

मग विकत घ्यायचा की डिफेंडर पुरे?

घरी एकटा माणूस, अपडेट वेळेवर, क्रॅक नाही, बॅकअप आहे, तर माझ्या मते डिफेंडर पुरे. दुकान, क्लिनिक, पाच-दहा मशीनचं ऑफिस, रोज दहा जणांचे पेनड्राइव्ह लागतात असं सेवा केंद्र, तिथे विकतचा घ्या, कारण तिथे फोनवर मराठीत बोलणारा माणूस हवा असतो. पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील आपल्याकडे गावोगावी पोचलं त्यामागे हे पण कारण आहे असं मला वाटतं. कोणताही घ्या, एकच घ्या.

ऑफिसच्या लॅपटॉपवर काढता येत नाही, पासवर्ड मागतो.

काढायचा प्रयत्न करू नका, तो तुमचा नाही. आयटीवाल्यांना नुसतं स्लो आहे असं लिहून मेल टाकला तर तो रांगेत पडून राहतो. त्यांना असं लिहा: सोमवार ते गुरुवार रोज ११ ते ११:४० डिस्क १०० टक्के, टास्क मॅनेजरमध्ये वर अमुक नाव, सोबत दोन स्क्रीनशॉट, अमुक फोल्डरमधला प्रोजेक्ट उघडताना जास्त. मग त्यांना स्कॅनची वेळ बदलता येते, फोल्डर वगळता येतो, किंवा तुमच्या मशीनवरचं व्हर्जन मागे पडलंय हे कळतं. दुकानात मशीन आणताना पण हेच, निळ्या स्क्रीनचा फोटो, वेळा लिहिलेला कागद, अँटिव्हायरसची लायसन्स की आणि बिटलॉकरची की, एवढं बरोबर घेऊन या, चार्जर विसरू नका.